साथीच्या काळातली कॅज्युअल्टी

मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग, म्हणजे बोलण्यातली ‘कॅज्युअल्टी’, चोवीस तास उघडा असतो. ओपीडीला ठरलेली वेळ असते, तज्ज्ञांकडे आधी नंबर लावावा लागतो. कॅज्युअल्टीत यायला ना चिठ्ठी लागते, ना नंबर. त्यामुळे दिवसभरात तिथे किती माणसे येणार हे रुग्णालयाच्या हाती नसते. ते घराघरांत ठरते. रात्री दोनला छातीत दुखू लागले तर लगेच निघायचे की सकाळ होऊ द्यायची, तापाने फणफणलेल्या मुलाला रिक्षात घालायचे की औषध देऊन वाट पाहायची, हे घरातली माणसे ठरवतात. दुखणे किती, रुग्णालय किती लांब, वाहन मिळेल का, खर्च किती येईल, तिथे वागणूक कशी मिळेल, असा सगळा हिशेब त्यामागे असतो. साथ आली की या हिशेबातली जवळपास प्रत्येक बाब एकदम बदलते. कोविड-१९च्या साथीत हा बदल जगभर एकाच सुमारास घडला आणि अनेक देशांत तो आकड्यांतून तपशीलवार दिसला.

नेहमीची गर्दी

साथ नसतानाही कॅज्युअल्टीत येणारे रुग्ण एका जातीचे नसतात. अपघातातले जखमी, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फिट, दम लागणे, विषबाधा, सर्पदंश ही उघड तातडीची दुखणी तिथे येतात. त्यांच्याच रांगेत पोटदुखी, मुरगळलेला पाय, कुत्रा चावलेले मूल, दोन दिवसांचा ताप आणि ओपीडी बंद झाल्यावर पोहोचलेली जुनी दुखणी असतात. त्यांतून आधी कोणाला पाहायचे हे ठरवण्याच्या पद्धतीला ‘ट्रायाज’ म्हणतात. नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, शुद्ध आणि रक्तातील ऑक्सिजन पाहून रुग्णाला लाल, पिवळ्या किंवा हिरव्या गटात टाकले जाते. लाल गटातल्याला ताबडतोब आत घेतात, हिरव्या गटातल्याला बाकावर बसवतात.

ही निवड प्रशिक्षित माणसाने करायची असते, कारण दुखण्याची तीव्रता आणि धोक्याची तीव्रता जोडीने चालतातच असे नाही. मूतखड्याने गडाबडा लोळणाऱ्याच्या जिवाला बहुधा तत्काळ धोका नसतो. उलट, ‘जरा अस्वस्थ वाटतंय’ म्हणत स्वतःच्या पायांनी चालत आलेल्या मधुमेही रुग्णाच्या ईसीजीत मोठा झटका दिसू शकतो. नेहमीच्या काळात रुग्णालयाच्या दारात होणारी ही निवड साथीच्या काळात घरातच आणि अंदाजाने होऊ लागते. या विषयाचा सगळा गुंता तिथून सुरू होतो.

एका साथीत पूर, दुसरीत ओहोटी

साथ आली की रुग्णालये भरून वाहणार, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. २००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीत पूरच आला. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात देशातल्या पहिल्या मृत्यूची नोंद झाली आणि महापालिकेच्या नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. नुसती सर्दी झालेली मुले, त्यांचे आईवडील आणि खरोखर बाधित रुग्ण तासन्‌तास एकाच रांगेत उभे होते. ही गर्दी आवरण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात लक्षणांनुसार अ, ब, क असे गट पाडून दिले. सौम्य लक्षणांच्या ‘अ’ गटाला चाचणीची गरज नाही, त्यांनी घरी थांबावे. धाप, छातीत दुखणे, गुंगी अशी लक्षणे असलेल्या ‘क’ गटाला दाखल करावे, असा तो नियम होता. अमेरिकेतही त्या वर्षी, स्थानिक पातळीवर विषाणू फारसा पसरलेला नसताना, केवळ बातम्यांच्या लाटेने बालरुग्ण विभागांतली गर्दी वाढल्याचे नोंदले गेले.

२००३च्या सार्सच्या साथीत मात्र ओहोटी दिसली. त्या वर्षी ७ मार्चला टोरांटोच्या स्कारबरो भागातील एका रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात खोकला आणि ताप असलेला एक रुग्ण आला. पडद्यांनी विभागलेल्या खाटांच्या दालनात तो रात्रभर होता. जवळच्या खाटांवरच्या दोघांना त्याच्याकडून लागण झाली आणि त्यांच्यामार्फत साखळी पुढे गेली. तैवानमध्ये साथीच्या ऐन भरात बाह्यरुग्ण सेवेचा वापर सुमारे २४ टक्क्यांनी आणि आंतररुग्ण सेवेचा ३५ टक्क्यांनी घटला. २०१५ साली दक्षिण कोरियात मर्सची साथ आली तेव्हा सोलमधील एका मोठ्या रुग्णालयाच्या गजबजलेल्या आपत्कालीन विभागात तीन दिवस काढलेल्या एका रुग्णाकडून ८२ जणांना लागण झाली. देशातील एकूण १८६ रुग्णांपैकी हे ८२. ही बातमी पसरल्यावर लोकांनी मोठ्या रुग्णालयांकडे पाठ फिरवली.

साथ सौम्य वाटते, पण आपल्याला आजार झाला असेल अशी शंका येते, तेव्हा लोक तपासणीसाठी धावतात. रुग्णालयातच लागण होईल असे वाटू लागले की ते दूर राहतात. कोविड-१९ने या दोन्ही गोष्टी एकाच साथीत, एकामागून एक दाखवल्या.

२०२०चा ओसर

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांतील भेटी आठवड्याला सरासरी २१ लाखांवरून १२ लाखांवर आल्या. २९ मार्च ते २५ एप्रिल या काळात आदल्या वर्षीच्या तुलनेत ४२ टक्के घट झाली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१९मध्ये सुमारे २१ लाख लोक आपत्कालीन विभागांत आले होते. एप्रिल २०२०मध्ये ९ लाख १७ हजार आले. ही घट ५७ टक्के होती.

इंग्लंडचा आणखी एक आकडा याहून बोलका आहे. त्याच महिन्यात तातडीने दाखल झालेल्या रुग्णांची संख्या ३९ टक्क्यांनी घटली. दाखल करून घ्यावे लागते ते आजार गंभीर असतो म्हणून. फक्त किरकोळ दुखणेवाले घरी थांबले असते, तर भेटी कमी झाल्या तरी दाखल होणाऱ्यांची संख्या फारशी हलायला नको होती. ती हलली, त्या अर्थी किरकोळ रुग्ण जास्त प्रमाणात गळाले असले तरी गंभीर रुग्णही मोठ्या संख्येने गळाले होते. शिवाय या ३९ टक्क्यांत कोविडमुळे दाखल झालेले रुग्ण धरलेले आहेत. ते वजा केले तर इतर आजारांतली घट याहून मोठी निघते.

रुग्ण गेले कुठे?

या घटीमागे एकच कारण नव्हते. निदान चार वेगवेगळी कारणे तिच्यात मिसळलेली होती आणि त्यांचे परिणामही वेगळे होते.

पहिले कारण चांगले होते: काही आजार आणि अपघात खरोखरच कमी झाले. रस्ते ओस पडले, कारखाने थांबले, शाळा बंद झाल्या. भारतात २०१९मध्ये सुमारे ४ लाख ४९ हजार रस्ते अपघात नोंदले गेले होते. २०२०मध्ये ते ३ लाख ६६ हजारांवर आले. पण इथेही बारकाईने पाहायला हवे. दर १०० अपघातांमागे मृत्यूंचे प्रमाण ३३.७वरून ३६वर गेले. अपघात कमी झाले, मात्र जे झाले ते अधिक जीवघेणे ठरले. मोकळ्या रस्त्यावरचा वेग हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. मुंबईत २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबली आणि गाडीतून पडून किंवा रूळ ओलांडताना जखमी होऊन रोज येणारे रुग्ण जवळपास थांबले. मुखपट्टी आणि अंतर यांमुळे फ्लू, कानाचे जंतुसंसर्ग, जुलाब असे आजारही मागे हटले.

दुसरे कारण भीती. कॅज्युअल्टीत गेलो तर कोरोना घेऊन येऊ, आपल्याला वेगळे काढतील, घरच्यांना क्वारंटाइन करतील, मेलो तर अंत्यदर्शनही मिळणार नाही, अशी ती अनेकपदरी भीती होती. रुग्णालयाची अशी धास्ती महाराष्ट्राला नवी नाही. प्लेगच्या साथीत, ऑक्टोबर १८९६मध्ये, मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले होते. रुग्णालयात नेलेले माणूस परत येत नाही असा तेव्हाचा बोलबाला होता आणि घरोघरी रुग्ण लपवले जात होते. भीतीच्या जोडीला २०२०मध्ये कर्तव्यभावनाही होती. आधीच डॉक्टर बेजार आहेत, त्यात आपली भर नको, असे विशेषतः वृद्धांना वाटे. अमेरिकेतील सर्वेक्षणात जून २०२०च्या अखेरीस ४१ टक्के प्रौढांनी वैद्यकीय उपचार पुढे ढकलल्याचे किंवा टाळल्याचे सांगितले. १२ टक्क्यांनी तर तातडीचे उपचारही टाळले किंवा लांबवले होते.

तिसरे कारण प्रत्यक्ष अडथळ्यांचे. जायची इच्छा असूनही पोहोचता येत नव्हते. रिक्षा, बस, लोकल बंद. नाक्यावर पोलिसांचा बंदोबस्त. रुग्णवाहिका कोविडच्या कामात गुंतलेल्या. जवळचे रुग्णालय कोविडसाठी राखीव झालेले. चौथे कारण पर्यायी वाटांचे. काही रुग्णांनी फोनवर सल्ला घेतला आणि त्यांचे काम भागले. इंग्लंडच्या १११ या दूरध्वनी सेवेवर मार्च २०२०मध्ये जवळपास ३० लाख कॉल आले. त्यांतले पुष्कळ उत्तर मिळण्याआधीच तुटले. भारतात २५ मार्चला दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली आणि एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली.

पहिल्या आणि चौथ्या कारणाने आलेली घट निरुपद्रवी, काही अंशी स्वागतार्हच होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाने आलेली घट धोक्याची होती. विभागाच्या नोंदवहीत मात्र या चारही प्रकारच्या गैरहजेऱ्या सारख्याच दिसतात.

छातीतली कळ

धोकादायक गैरहजेरीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण हृदयविकाराचे. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झाली की तिच्या पुढचा स्नायू मरू लागतो. अँजिओप्लास्टीने किंवा गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने ती जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. रुग्णालयात पोहोचल्यापासून ९० मिनिटांत धमनी उघडावी असे उद्दिष्ट धरले जाते. अडचण अशी की हे दुखणे स्वतःची ओळख स्वच्छ सांगत नाही. छातीवर दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणे, घाम, मळमळ यांतले बरेचसे पित्ताच्या त्रासासारखे वाटते. मराठी घरांत अशा वेळी आधी सोडा, ओवा किंवा आले-लिंबाचा रस दिला जातो. तासाभराने बरे वाटले नाही की मग डॉक्टर आठवतो. साथीच्या काळात हा तास एका रात्रीचा, कधी दोन दिवसांचा झाला.

इटलीत १२ ते १९ मार्च २०२० या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याने अतिदक्षता विभागांत दाखल झालेले रुग्ण आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या तुलनेत ४८ टक्क्यांनी कमी होते. धमनी पूर्ण बंद होऊन येणाऱ्या मोठ्या झटक्याच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण मात्र ४.१ टक्क्यांवरून १३.७ टक्क्यांवर गेले. इंग्लंडमध्ये मार्चअखेर ही दाखलसंख्या ४० टक्क्यांनी उतरली. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १८७ रुग्णालयांतील नोंदी एकत्र केल्या, तेव्हा मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या तीन महिन्यांत दाखल रुग्ण २५,४१८वरून १६,४१४वर आल्याचे, म्हणजे ३५ टक्के घट झाल्याचे दिसले.

धकाधकी, प्रदूषण आणि बाहेरचे खाणे कमी झाल्याने झटकेच कमी झाले असतील, असा तर्क तेव्हा काहींनी मांडला. तो काही अंशी खरा असू शकतो. पण सगळा फरक त्याने भरून निघत नाही, हे रुग्णालयाबाहेरच्या नोंदी सांगतात. इटलीच्या लोम्बार्दी प्रांतातील चार जिल्ह्यांत साथीच्या पहिल्या ४० दिवसांत घरी किंवा रस्त्यावर हृदय बंद पडण्याच्या घटना ५८ टक्क्यांनी वाढल्या. न्यूयॉर्क शहरात १ मार्च ते २५ एप्रिल या काळात रुग्णवाहिका पथकांनी अशा ३,९८९ रुग्णांवर उपचाराचे प्रयत्न केले. आदल्या वर्षी त्याच काळात ही संख्या १,३३६ होती. या वाढीतला मोठा वाटा थेट कोविडचा होता, कारण तो आजारही हृदयावर आणि फुप्फुसांवर घाला घालतो. उरलेल्यांत वेळेवर न निघालेले रुग्ण होते.

पक्षाघाताचेही तसेच. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावे लागते. हाताला मुंग्या, तोंड किंचित वाकडे होणे, बोलताना जीभ जड होणे अशी सौम्य लक्षणे घरीच सोसली गेली तर ही वेळ हातची जाते. अमेरिकेत राष्ट्रीय आणीबाणीच्या घोषणेनंतरच्या दहा आठवड्यांत आपत्कालीन विभागांतील हृदयविकाराच्या भेटी २३ टक्क्यांनी, पक्षाघाताच्या २० टक्क्यांनी आणि मधुमेहात साखर धोकादायक वाढल्याच्या १० टक्क्यांनी घटल्या. या तिन्ही दुखण्यांत घरी थांबून बरे होण्याची शक्यता फार थोडी. भीती ही चाळणी नव्हे; ती हलके दुखणे अडवून जड दुखणे पुढे सोडत नाही.

मुले

सर्वांत मोठी घट मुलांमध्ये झाली. अमेरिकेत एप्रिल २०२०च्या सुमारास दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या भेटी ७२ टक्क्यांनी घटल्या. यातला बराच भाग सुखाचा होता. शाळा आणि पाळणाघरे बंद असल्याने मुलांचे नेहमीचे संसर्ग थांबले होते, खेळाच्या मैदानावरच्या दुखापती थांबल्या होत्या.

पण जी मुले खरोखर आजारी होती ती उशिरा आली. इटलीतील बालरोगतज्ज्ञांनी मार्च २०२०मध्ये उशिरा आणलेल्या १२ मुलांची नोंद प्रसिद्ध केली; त्यांपैकी चार दगावली. त्या रुग्णालयांतील बालरुग्णांच्या तातडीच्या भेटी ७३ ते ८८ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. जर्मनीत मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत ज्या मुलांना नव्याने टाइप-१ मधुमेह असल्याचे निदान झाले, त्यांतील जवळपास ४५ टक्के मुले रक्त आम्लधर्मी होण्याच्या, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिसच्या अवस्थेत आलेली होती. आदल्या वर्षी हे प्रमाण २४.५ टक्के होते. खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणे ही लक्षणे आठवडाभर आधी दाखवली असती तर त्यांतल्या अनेकांना अतिदक्षता विभागाची गरज पडली नसती.

मन आणि व्यसन

मानसिक आजारांच्या बाबतीत आकडे फसवे ठरतात. अमेरिकेत मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबर २०२०पर्यंत मुलांच्या एकूण भेटींत मानसिक कारणांसाठीच्या भेटींचे प्रमाण ५ ते ११ वयोगटात २४ टक्क्यांनी आणि १२ ते १७ वयोगटात ३१ टक्क्यांनी वाढले. सुरुवातीच्या महिन्यांत ही वाढ मुख्यतः प्रमाणातली होती. इतर कारणांच्या भेटी कोसळल्याने मानसिक भेटींचा वाटा मोठा दिसू लागला. पुढे मात्र संख्याही वाढली. फेब्रुवारी-मार्च २०२१मध्ये १२ ते १७ वयाच्या मुलींच्या आत्महत्येच्या संशयित प्रयत्नांसाठीच्या भेटी २०१९च्या तुलनेत ५१ टक्क्यांनी जास्त होत्या. शाळा हे संकटात असलेले मूल वेळीच लक्षात येण्याचे ठिकाण असते. ते बंद पडल्यावर ही मुले थेट आपत्कालीन विभागात दिसू लागली.

भारतात याची एक वेगळी बाजू दिसली. लॉकडाउनमध्ये दारूची दुकाने एकाएकी बंद झाली आणि रोज पिणाऱ्यांना दारू अचानक सुटल्याचा त्रास सुरू झाला: हातपाय थरथरणे, फिट, भ्रम. बंगळूरुच्या रुग्णालयांत अशा गंभीर रुग्णांची वाढ नोंदली गेली. ४ मे २०२० रोजी अनेक राज्यांत दुकाने उघडली. म्हणजे साथीचे धोरण काही आजार नव्यानेही कॅज्युअल्टीत पाठवते.

दाराच्या आतले बदल

रुग्णांची वागणूक बदलली तशी विभागांची रचनाही बदलली आणि तिचा परिणाम पुन्हा रुग्णांवर झाला. दारातच तापमान आणि ऑक्सिजन पाहून दोन वाटा पाडल्या गेल्या, एक संशयित कोविडसाठी आणि दुसरी इतरांसाठी. अनेक ठिकाणी आवारात मांडव घालून ‘फीव्हर क्लिनिक’ उभारले गेले. कागदावर सोपी वाटणारी ही विभागणी प्रत्यक्षात अवघड होती, कारण धाप हे लक्षण कोविडचे असते तसे कमजोर हृदयाचे, दम्याचे आणि मूत्रपिंडाच्या विकाराचेही असते. जुना हृदयरोगी धाप लागली म्हणून संशयितांच्या रांगेत जाई आणि अहवाल येईपर्यंत तिथेच अडके.

हृदय बंद पडलेल्या रुग्णाची छाती दाबायला पूर्वी जवळचा कोणीही धावे. आता आधी पीपीई किट चढवणे आले आणि त्यात काही मिनिटे जात. नातेवाइकांना आत बंदी झाली. भारतीय रुग्णालयांत नातेवाईक केवळ सोबतीला नसतात. रुग्णाची माहिती तेच सांगतात, जुने कागद तेच दाखवतात, औषधे तेच आणतात, कित्येकदा स्ट्रेचरही तेच ढकलतात. ती सारी कामे एकाएकी अपुऱ्या कर्मचाऱ्यांवर आली.

महाराष्ट्र: ओसर आणि लाट

महाराष्ट्रात साथीचे पहिले काही महिने दुहेरी होते. पुण्यात ससून, मुंबईत नायर आणि मरोळचे सेव्हन हिल्स अशी मोठी रुग्णालये कोविडच्या कामाला जुंपली गेली. नायर तर एप्रिल २०२०मध्ये पूर्णपणे कोविड रुग्णालय झाले. कर्मचाऱ्यांना लागण झाल्याने मुंबईतील काही खासगी रुग्णालये काही काळ सील झाली, गल्लोगल्लीचे फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने बंद पडले. एरवी प्रसूती, डायलिसिस, अपघात यांसाठी लोकांना ठाऊक असलेली वाट एका रात्रीत बदलली. काही ठिकाणी आधी कोरोनाचा अहवाल आणा, मग दाखल करू, असे सांगितले जाई. एप्रिलच्या अखेरीस केंद्रीय आरोग्य सचिवांना राज्यांना पत्र लिहून खासगी रुग्णालयांतल्या अत्यावश्यक सेवा चालू ठेवण्यास सांगावे लागले. २१ मे रोजी राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटा नियंत्रणाखाली घेतल्या. जूनमध्ये मुंबई महापालिकेने २४ प्रभागांत ‘वॉर रूम’ सुरू केल्या. तोवर १९१६ या एकाच क्रमांकावर येऊन साचणारी खाटांची मागणी प्रभागांत विभागली गेली.

वॉर रूममुळे कॅज्युअल्टीचा मूळ स्वभावच बदलला. जिथे कोणीही थेट येऊ शकत होते, तिथे आता कोविडच्या रुग्णाला फोनवर आधी खाट मिळवायची होती. निवड रुग्णालयाच्या दारातून फोनवर सरकली. तिला हाताशी एक साधन मिळाले, बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर. कोविडमध्ये ऑक्सिजन बराच उतरला तरी कित्येकांना धाप जाणवत नसे. गप्पा मारणारा रुग्ण तपासावा तर आकडा ८०च्या घरात. म्हणून ९४च्या खाली गेल्यास रुग्णालय गाठा, सहा मिनिटे चालून पुन्हा मोजा, असे नियम घराघरांत पोहोचले. १५ सप्टेंबर २०२०पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा सेविका आणि इतर पथकांनी दारोदार फिरून तापमान व ऑक्सिजन मोजले. घरी अंदाजाने होणाऱ्या निवडीला मोजता येणारा आधार देण्याचा हा मोठा प्रयत्न होता.

२०२१च्या दुसऱ्या लाटेत ओसराची जागा पुराने घेतली. १८ एप्रिल रोजी राज्यात एका दिवसात ६८ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. आता लोक रुग्णालय टाळत नव्हते, ते मिळत नव्हते. रुग्ण खालावलेला ऑक्सिजन घेऊन रुग्णवाहिकेतून एका दारावरून दुसऱ्या दारी फिरत होते. वॉर्डात आणि आयसीयूत जागा नसल्याने कॅज्युअल्टीच्या खाटांवरच रुग्ण दिवस काढत, आणि विभागाचे मूळ काम, म्हणजे स्थिर करून पुढे पाठवणे, ठप्प होई. इतर आजारांच्या रुग्णांच्या दृष्टीने फळ तेच होते: पहिल्या लाटेत ते भीतीने बाहेर राहिले, दुसरीत जागेअभावी.

परतीची गर्दी

साथ ओसरल्यावर आपत्कालीन विभाग पूर्वीच्या संख्येवर परतले, पण पूर्वीच्या स्थितीत परतले नाहीत. लांबलेल्या शस्त्रक्रिया, न तपासलेली साखर आणि रक्तदाब, उशिरा सापडलेले कर्करोग घेऊन अधिक गुंतागुंतीचे रुग्ण येऊ लागले. दबलेले संसर्गही परतले, तेही अवेळी. लहान मुलांच्या श्वसनमार्गाला ग्रासणारा आरएसव्ही हा विषाणू उत्तर गोलार्धात हिवाळ्यात येतो. अमेरिकेत तो २०२०च्या हिवाळ्यात जवळपास दिसलाच नाही आणि २०२१च्या उन्हाळ्यात उसळला. मनुष्यबळ मात्र थकलेले आणि घटलेले होते. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२२मध्ये दाखल करण्याचा निर्णय झाल्यावर १२ तासांहून अधिक काळ खाटेची वाट पाहणाऱ्यांची संख्या ५४,५३२ झाली. एप्रिल २०२०मध्ये जिथे माणसे दिसत नव्हती, तिथे अडीच वर्षांनी त्यांना झोपवायला जागा नव्हती.

पुढच्या साथीसाठी

या अनुभवातून आरोग्य व्यवस्थांना काही गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत. पहिली, संदेशाची. ‘घरी राहा’ हा आदेश संसर्ग रोखायला उपयोगी पडतो, पण अपवाद सांगितला नाही तर छातीत दुखणारा माणूसही तो पाळतो. इंग्लंडने एप्रिल २०२०च्या अखेरीस रुग्णालये सर्वांसाठी खुली आहेत अशी मोहीम काढली, ती ही चूक उमगल्यावरच. कोणत्या लक्षणांना थांबायचे नाही याची छोटी, ठोस यादी पहिल्या दिवसापासून आदेशासोबत असली पाहिजे: छातीवर दाब, एका बाजूची अशक्ती, धाप, फिट, मुलाचे सुस्त पडणे, गर्भवतीचा रक्तस्राव.

दुसरी, जागेची. रुग्णालयात लागण होते ही भीती निराधार नव्हती. टोरांटो आणि सोल येथे ती खरी ठरली होती. त्यामुळे नुसत्या आवाहनाने भागत नाही. वेगळे प्रवेशद्वार, हवा खेळती असलेली दालने, खाटांमधले अंतर आणि शहरात निदान काही रुग्णालये इतर आजारांसाठी राखून ठेवणे, ही व्यवस्था लोकांना दिसली तरच ते येतात. तिसरी, वाहतुकीची. महाराष्ट्रातील १०८सारख्या रुग्णवाहिका सेवेत साथीसाठी वेगळा ताफा काढताना झटका, अपघात आणि प्रसूतीसाठीच्या गाड्या हलवता कामा नयेत.

चौथी गोष्ट आकडे वाचण्याची. आपत्कालीन विभागातील भेटींची एकूण संख्या एकटी पाहिली तर ती काहीच सांगत नाही. तिच्याशेजारी दाखल होणाऱ्यांचे प्रमाण, लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा वेळ, रुग्णवाहिकेचे कॉल आणि घरी झालेल्या मृत्यूंची नोंद ठेवावी लागते. भेटी घटल्या आणि घरचे मृत्यू स्थिर राहिले, तर अनावश्यक गर्दी कमी झाली असे म्हणता येते. भेटी घटल्या आणि घरचे मृत्यू वाढले, तर त्यांतले किती साथीच्या आजाराचे आणि किती उपचारांविना राहिलेल्यांचे, हे लगेच शोधायला हवे. हे आकडे दर आठवड्याला जुळवून पाहणारी यंत्रणा साथीआधीच उभी असेल, तर न आलेले रुग्ण महिन्यांनंतरच्या अभ्यासात सापडण्याऐवजी त्याच आठवड्यात लक्षात येतील आणि त्यांच्यापर्यंत पोहोचता येईल.